पडद्यावरचे कासव आणि आपली मुले



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याचा वसंत असला पाहिजे. पंचांगात ज्याला वसंत म्हणतात त्याला आपण मराठवाड्यातले लोक सरळ उन्हाळा म्हणतो, आणि सायंकाळचे सात वाजून गेल्याखेरीज कोणी घराबाहेर पाऊल टाकीत नाही. असे असता आज इतकी मंडळी जमली आहेत, ह्याचे श्रेय आम्ही स्वतःकडे घेत नाही. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'शाळकरी मुले आणि संगणकाची आज्ञावली' असे कळविले होते. पत्रिकेवर मात्र 'कोडिंग' हा शब्द छापून आला, आणि पुढच्या चार रांगांत आज जे पालक दिसत आहेत ते त्या शब्दाला भुलून आले असावेत, असा आमचा अंदाज आहे. त्यांची थोडी निराशा होईल. कोणता क्लास लावावा, किती फी भरावी आणि त्यातून पुढे किती पगाराची नोकरी लागते, ह्यांपैकी कशाचेही उत्तर आमच्यापाशी नाही. नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील शाळांतून गणित शिकविताना आणि पुढे मुलांबरोबर संगणकापुढे बसताना जे पाहिले, तेवढेच सांगावयाचे आहे.

आधी आज्ञावली म्हणजे काय ते सांगतो. हा शब्द ऐकून दचकण्याचे कारण नाही. भजनी मंडळात बुवा एकेक चरण म्हणतात आणि प्रत्येक चरणानंतर टाळकरी धृपद घेतात. धृपद वहीत एकदाच लिहिलेले असते, पण ते दहा वेळा म्हणावयाचे हे सर्वांना ठाऊक असते. संगणकाच्या भाषेत ह्यालाच आवर्तन म्हणावे. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई सात ठिपक्यांची एक ओळ घालते आणि अशा सात ओळी घालते, तेव्हा ती आवर्तनाच्या पोटात आवर्तन चालवीत असते. 'जर आभाळ आले तर पापड आत घ्या' ही अट झाली. ह्या दोहोंच्या जोडीला एखादी बदलती संख्या लक्षात ठेवण्याची सोय, म्हणजे बीजगणितातील 'चल', आली की आज्ञावलीचे बहुतेक सामान जमले. यंत्र हे अत्यंत आज्ञाधारक आणि अत्यंत मठ्ठ असे नोकरमाणूस आहे. सांगितले तेवढेच करते, आणि सांगण्यात चूक झाली तर ती चूकही इमानाने करते. ह्या इमानदारीचा शिक्षणात केवढा उपयोग आहे, ते पुढे येईलच.

आता एक कबुली देतो. शाळेत संगणक आले तेव्हा आम्हीही इतर शिक्षकांसारखेच वागलो. फळ्यावर पायऱ्या लिहिल्या, मुलांनी त्या उतरवून घेतल्या, आणि तासाच्या शेवटी तीस पडद्यांवर तीस दिवाळीची शुभेच्छापत्रे दिसू लागली. पणती एकच, तीही डाव्या कोपऱ्यात; अक्षरे पिवळी; फटाक्याचा आवाज तोच. पाहुणे आले, त्यांनी वाहवा केली, आम्हांलाही बरे वाटले. पुढच्या आठवड्यात एका मुलाला आम्ही सहज विचारले, 'पणती उजवीकडे न्यावयाची असेल तर काय करशील?' त्याने वही उघडली. वहीत ते नव्हते. तो आमच्याकडे पाहू लागला आणि आम्ही त्याच्याकडे. तीस मुलांनी शुभेच्छापत्र केले होते असे आम्ही समजत होतो. वस्तुतः ते आम्ही एकट्याने केले होते आणि त्यांच्या हातून तीस वेळा गिरवून घेतले होते.

हे दुखणे आमचे एकट्याचे नाही. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून बी.बी.सी. मायक्रो नावाची यंत्रे देशातील काहीशे शाळांना दिली, तेव्हापासून संगणक म्हणजे दाखविण्याची आणि जपण्याची वस्तू, ही समजूत आपल्या शाळांत घर करून आहे. यंत्रावर कापड, खोलीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. मुलांच्या हाती यंत्र कमी आणि 'संगणकाचे भाग ओळखा' हा धडा जास्त.

ह्याच्या उलट वाट ज्याने दाखविली त्या गृहस्थाचे नाव सीमोर पॅपर्ट. १९२८ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला जन्मलेला हा गणिती. मूल ज्ञान कसे घडविते ह्याचा अभ्यास करणारे जीन पियाजे, त्यांच्यापाशी जिनिव्हात त्याने काही वर्षे काढली आणि मग तो अमेरिकेत गेला. १९६७ साली वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्याने मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. त्या काळी संगणक खोली व्यापून टाकीत असे आणि त्याची किंमत ऐकून मोठमोठ्या संस्था मागे सरत. अशा यंत्राला शाळकरी पोराने आज्ञा द्याव्यात ही कल्पना पुष्कळांना वेडाची वाटली. लोगोत एक कासव असे. पुढे जा, उजवीकडे वळ, अशा आज्ञा द्याव्या आणि त्याने मागे रेघ सोडीत चालावे. लहानपणी आपण दातेरी चाकांच्या प्रेमात पडलो होतो आणि पुढे समीकरणे कळली ती त्या चाकांच्या आधाराने, असे पॅपर्टने १९८० सालच्या आपल्या 'माइंडस्टॉर्म्स' ह्या पुस्तकाच्या आरंभी सांगितले आहे. प्रत्येक मुलाला आपापले दातेरी चाक सापडावे, एवढीच त्याची खटपट. मात्र ते चाक गुरुजींनी नेमून देता येत नाही, ही त्यातली मेख आहे.

पॅपर्टच्याच परंपरेत मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी. संस्थेत मिचेल रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्क्रॅच' तयार केले. ते २००७ च्या मे महिन्यात सर्वांना खुले झाले. त्यात आज्ञा टंकलिखित कराव्या लागत नाहीत. लहान मुलांच्या ठोकळ्यांप्रमाणे एकात एक अडकवावयाच्या असतात. ते फुकट मिळते, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालते, आणि जुन्या यंत्रावरही चालते. आमच्या मुलांनी जे काही केले ते ह्यावरच केले.

शुभेच्छापत्रांनी आमचे डोळे उघडल्यावर आम्ही लातूरच्या मुलांना सांगितले की, तुम्हांला जे करावेसे वाटेल ते करा. पहिले दोन आठवडे अगदी वाया गेले. ज्यांना इतकी वर्षे 'काय करावयाचे' ते दुसऱ्याने सांगितले, त्यांना एकदम मोकळीक दिली की ती भांबावतात. पुष्कळांनी विचारले, 'सर, तुम्हीच सांगा ना.' एकदोघांनी मांजर इकडून तिकडे पळविले. तिसऱ्या आठवड्यात सहावीतल्या एका मुलाने गंजगोलाई काढावयास घेतली.

आपल्यापैकी बहुतेकांनी लातूरची गंजगोलाई पाहिली असेल. मध्ये गोल बाजार आणि तेथून फुटलेले सोळा रस्ते. त्या मुलाचे घर त्यांतल्याच एका रस्त्यावर. त्याने पडद्यावरील कासवाला सांगितले, मध्यावरून दीडशे पावले पुढे जा, दीडशे मागे ये, वीस अंश उजवीकडे वळ, आणि हे सोळा वेळा कर. वीसच का, असे विचारता तो म्हणाला, 'बरा वाटला आकडा.' कासव निघाले. रस्ते सोळा झाले खरे, पण एका बाजूला दोन रस्ते मावतील एवढी मोकळी फट राहिली. 'सर, गोलाई एका अंगाला बोडकीच राहिली की!' आम्ही गप्प बसलो. गप्प बसणे शिक्षकाला फार जड जाते. उत्तर जिभेच्या टोकावर आलेले असते. त्याने पंचवीस अंश घेतले. आता सोळावा रस्ता फिरून पहिल्या आणि दुसऱ्या रस्त्याच्या मध्येच घुसला. बावीस घेतले, तर थोडी फट राहिली. तेवीस घेतले, तर शेवटी दाटी झाली. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला आणि मग म्हणाला, 'ह्या दोघांच्या मधी काहीतरी असायला पाहिजे.' साडेबावीस टाकले आणि गोलाई जुळली.

पण खरा धडा त्यापुढे झाला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच वहीत गुणाकार घेऊन आला. सोळा गुणिले साडेबावीस तीनशे साठ. 'सर, म्हणजे आधी भागाकारच करायचा होता. पण हे तीनशे साठ कोणी ठरविले?' वर्तुळाचे अंश तीनशे साठ, हे आम्ही किती वर्षे फळ्यावर लिहीत आलो. आजवर एकाही मुलाने ते कोणी ठरविले असे विचारले नव्हते. बाबिलोनच्या लोकांची साठावर आधारलेली मोजणी त्याला त्या दिवशी सांगावी लागली, आणि आदल्या रात्री आम्हांला ती पुस्तकातून पुन्हा पाहून ठेवता आली नव्हती, हेही येथे कबूल केले पाहिजे.

एवंच, जी चूक परीक्षेत तांबड्या शाईने खोडली जाते ती येथे कामास येते. वीस अंशांची चूक झाली नसती तर तीनशे साठाचा प्रश्न निघाला नसता. यंत्र चुकीवर रागावत नाही, हसत नाही, वर्गासमोर उभे करीत नाही. चूक जशी आहे तशी चित्र काढून समोर ठेवते.

आता आपण लातूरच्याच नव्हे, नांदेडच्याही जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय ह्या संस्थांतून प्रश्नपत्रिकांचा जो कसून सराव होऊ लागला, त्याने खेड्यापाड्यांतील मुले वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेऊन बसविली. ह्या पद्धतीची चेष्टा करणारे लोक बहुधा मोठ्या शहरांतले असतात, आणि त्यांत आम्ही सामील होणार नाही. निजामी अमलात जेथे मातृभाषेतील शाळेसाठी झगडावे लागले, जेथे मराठवाडा विद्यापीठ निघावयास १९५८ साल उजाडावे लागले आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाला १९९४, त्या भागातील आईबापांनी गुणपत्रिकेला शिडी मानले तर त्यात चूक काय? ज्याच्यापाशी वशिला नाही त्याच्यापाशी गुणच असतात.

परंतु सराव आणि निर्मिती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरावात प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि त्याचे उत्तर आधीपासून कोठेतरी असते. ज्या कामात प्रश्नच मुलाने उभा करावयाचा आहे त्याला हीच पद्धत लावली, म्हणजे काय होते ते आपण पाहतोच आहोत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेच्या अलीकडल्या इयत्तांपासून कोडिंगची ओळख करून द्यावी असे आले. त्याच वर्षी टाळेबंदीत पहिली-दुसरीतल्या पोरांच्या आईबापांना भेवडावणाऱ्या जाहिराती घरोघर दिसू लागल्या आणि त्यांतल्या काही मागे घ्याव्या लागल्या. आता गल्लोगल्ली पाट्या लागत आहेत. आमची भीती अशी की, दोन-चार वर्षांत ह्याचीही गाइडे निघतील, 'अपेक्षित आज्ञावली' नावाचा संच बाजारात येईल, आणि मुले गंजगोलाई पाठ करतील. साडेबावीस, साडेबावीस, साडेबावीस. तसे झाले तर त्यापेक्षा संगणकाच्या खोलीला पूर्वीचे कुलूपच बरे.

एका मुलीची गोष्ट सांगतो. लातूरच्या पाण्याची आठवण कोणाला करून द्यावयास नको. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम निघाला, आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली रेलगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. ही मुलगी तेव्हा अंगणवाडीतही जात नव्हती. तिने हे सारे आईच्या तोंडून ऐकलेले. सातवीत आल्यावर तिने पाण्याचा खेळ करावयास घेतला. गल्लीत टँकर येतो, खेळणाराने घागर नेमकी त्याच्या नळीखाली धरावयाची, घागर भरली की एक गुण. गुणांच्या जागी तिने शब्द घातला 'घागरी'. दर दिवसाला घरात दोन घागरी खर्च होतात अशी तिने तजवीज केली.

पहिल्या दिवशी तिचा टँकर दर दहा सेकंदांनी येई. मैत्रीण खेळली आणि म्हणाली, 'लई सोपं आहे.' तेव्हा ह्या मुलीने एक ठोकळा शोधून काढला, जो एक ते आठ ह्यांतील कोणताही आकडा मनास येईल तसा उचलतो. आकडा एक आला तरच टँकर यावा, एरवी नुसती धूळ उडावी, असे तिने केले. संभाव्यतेचा धडा दहावीच्या पुस्तकात आहे. तो ह्या मुलीने सातवीत केला असे आम्ही म्हणणार नाही. पण 'आठवड्यातून एकदा पाणी येते' आणि 'कोणत्या दिवशी येईल ते सांगता येत नाही' ह्या दोन वाक्यांतला फरक तिला कळला होता, आणि तो फरक तिने यंत्राला सांगितला होता.

मग गडबड झाली. टँकर बराच वेळ आला नाही आणि पडद्यावर आकडा दिसू लागला, घागरी वजा तीन. मुलगी रडकुंडीला आली. चूक कोठे झाली ते तिला सापडेना. त्या शनिवारी तिची आई तिला न्यावयास आली होती. बाईंनी पडदा पाहिला, काय घोटाळा आहे ते विचारून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, 'वजा कशाला चूक? शेजारून उसन्या आणल्या असतील की.' आम्ही ऋण संख्या शिकविण्यासाठी तापमापक, समुद्रसपाटी, बँकेचे खाते अशी किती उदाहरणे दिली असतील! मुलीने ती चूक खोडली नाही. तिने एक शेजारीण काढली, आणि पाणी आले की आधी तिच्या घागरी फिटतील अशी नवी अट घातली. पाचांपेक्षा जास्त उसने झाले की शेजारीण दार लावून घेते, हीही भर तिचीच.

ह्या खेळाला गुण किती द्यावयाचे? वार्षिक तपासणीच्या वेळी हा प्रश्न आम्हांला खरोखरच विचारण्यात आला. आम्ही दिले नाहीत. गुण दिले असते तर पुढच्या वर्षी पंचवीस टँकर आले असते.

नांदेडकडची हकीगत थोडी निराळी आहे. देगलूर-बिलोलीकडे मुलांच्या घरी तेलुगू आणि कन्नड, शहरात उर्दू आणि पंजाबी, किनवटच्या बाजूला गोरमाटी, गोंडी, कोलामी. शाळा मराठी. आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी. तेव्हा कोडिंग म्हणजे इंग्रजी, ही समजूत होणे स्वाभाविक होते. त्यावर उपाय म्हणून आम्ही भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि प्रत्येक ठोकळ्याला आपले नाव द्या असे मुलांना सांगितले. हिरवा झेंडा सोपा गेला. 'जर-तर' तर आपल्या बोलण्यात असतेच. जो ठोकळा एखादी क्रिया न थांबता चालू ठेवतो त्यावर मात्र भांडण झाले. कोणी 'कायम' म्हणे, कोणी 'सारखं सारखं', एकजण 'अखंड' म्हणाला, त्याच्या घरी सप्ताह होत असावा. शेवटी 'थांब म्हणेस्तोवर' हे नाव ठरले, आणि आमच्या मते ते मूळ इंग्रजी शब्दापेक्षा अचूक आहे. कारण यंत्रातले कोणतेही 'सदैव' कोणीतरी थांब म्हणेपर्यंतच असते.

तेथील एका तांड्यावरच्या मुलाने आजीची गोष्ट केली. चित्रे त्याने स्वतः काढली, ससा कोल्ह्यापेक्षा मोठा झाला ते सोडा. आवाज मात्र आजीचा, गोरमाटीतला, शाळेच्या भ्रमणध्वनीवर घेतलेला. वर्गात ती भाषा पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आली तेव्हा काही मुले हसली. दुसऱ्यांदा लावली तेव्हा हसणाऱ्यांपैकी एकाने विचारले, 'तो कोल्हा काय म्हणाला?' आणि त्या मुलाने उभे राहून मराठीत अर्थ सांगितला. तो मुलगा त्या वर्गात तोवर कधी आपणहून बोललेला नव्हता.

कोणी म्हणतील, ही सारी नवलाई. मुलांना मोकळे सोडले की सगळे शिकतात काय? नाही, शिकत नाहीत. ह्या बाबतीत पॅपर्टच्या भक्तांनीही डोळे उघडे ठेवावेत. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजात रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास तपासून पाहिले, तेव्हा लोगो शिकलेली मुले इतर कामांची आखणी अधिक चांगली करतात असे त्यांना आढळले नाही. कासव फिरविल्याने आपोआप बुद्धी तल्लख होते, असा दावा आम्ही करणार नाही. आपल्याच कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाड्यावर २००७ साली 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' ह्या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. एकशिक्षकी शाळा, आणि मुलांच्या हाती घरी न्यावयाची छोटी हिरवी-पांढरी यंत्रे. त्या योजनेच्या विचारामागेही पॅपर्ट होताच. पण शंभर डॉलरांत देऊ म्हटलेले यंत्र जवळजवळ दुप्पट किमतीला पडले, भारत सरकारने २००६ सालीच योजनेला नकार दिला होता, आणि हा प्रयोग देशभर पसरला नाही. यंत्रे वाटून शिक्षण होते, ह्या कल्पनेची मर्यादा तेथे दिसली.

त्या मानाने आम्हांला पाबळचे उदाहरण अधिक मार्गदर्शक वाटते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील त्या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढला. शाळेतली मुले गावाच्या उपयोगाची कामे करीत करीत विज्ञान शिकू लागली: वेल्डिंग, बांधकाम, रोपवाटिका. २००२ साली एम.आय.टी.ची फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने वस्तू घडविणारी कार्यशाळा, अमेरिकेबाहेर प्रथम जेथे आली त्या थोड्या जागांत हे पाबळ होते. तेथे यंत्राआधी काम होते आणि कामाजवळ सांगणारा माणूस होता. मुलाला मोकळीक देणे निराळे आणि वाऱ्यावर सोडणे निराळे. शिक्षकाने माउसला हात लावू नये, हा आमच्याकडे नियम आहे. पण 'तुला काय व्हावयास हवे होते? आणि काय झाले?' हे दोन प्रश्न विचारण्यासाठी त्याने शेजारी बसलेच पाहिजे.

आणखी एक शंका आजकाल हटकून येते. २०२२ च्या अखेरीपासून असे संगणक आले आहेत की, त्यांना साध्या भाषेत सांगितले तर तेच आज्ञावली लिहून देतात. मग मुलांनी हे कष्ट कशाला करावेत? हा प्रश्न विचारणारे बहुधा नोकरीचा विचार करीत असतात, आणि नोकरीचे भाकीत करण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र त्या मुलीने अशा यंत्राला पाण्याचा खेळ कर म्हणून सांगितले असते, तर त्याने तो क्षणात करून दिला असता, टँकरही वेळेवर आला असता. टँकर वेळेवर येऊ नये, हे सांगावयास लातूरचीच मुलगी लागते. यंत्राने दिलेले आपल्याला हवे होते तेच आहे काय, हे ज्याला पाहता येत नाही त्याला ते यंत्र जे देईल ते गोड मानून घ्यावे लागेल.

राहता राहिला साधनांचा प्रश्न. पुष्कळ शाळांत यंत्रे आहेत. नीती आयोगाच्या अटल प्रयोगशाळा २०१६ पासून देशभर हजारो निघाल्या आहेत. जेथे नाहीत तेथे दोन-तीन मुलांत एक जुने यंत्र पुरते, किंबहुना एकट्यापेक्षा दोघे बरे, कारण दुसरा 'असे का केलेस' म्हणून विचारतो. जेथे एकही यंत्र नाही तेथे अंगणात खडूने चौकोन आखून एका मुलाने कासव व्हावे आणि दुसऱ्याने आज्ञा द्याव्यात. ए.सी.एम. ह्या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या भारतीय शाखेने २०१६ साली सुरू केलेल्या सी.एस. पाठशाला ह्या उपक्रमात यंत्रावाचून शिकविण्याचे असे पुष्कळ खेळ आहेत. आपण नागरिक मंडळींनी करावयाची गोष्ट एवढीच की, आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन संगणकाच्या खोलीची किल्ली कोणापाशी असते ते विचारावे, आणि शनिवारी दुपारी दोन तास ती खोली उघडी राहील काय, हेही विचारावे. तेथे आपण जाऊन बसलात तरी चालेल. शिकवू मात्र नका.

वेळ झाल्याची घंटा अध्यक्षांनी मघाशीच वाजविली आहे. गंजगोलाई काढणारा तो मुलगा आता आठवीत आहे. दोन आठवड्यांपूर्वी लातुरास गेलो असता भेटला. त्या सोळा रस्त्यांवर त्याने आता रिक्षा सोडल्या आहेत. त्या मध्यावर येऊन एकमेकींवर आदळतात आणि सगळा बाजार तुंबतो. आम्ही विचारले, 'मग काय करणार?' तो म्हणाला, 'सर, खरं तर तिथं बी असंच होतंय,' आणि पुन्हा पडद्याकडे वळला.